गोल बसायची नोकरी

नोकरी लागली तेव्हा घरी ती कशी समजावून सांगायची, याचं मला फार टेन्शन आलं होतं. संस्था लहानशी. बीडमध्ये बी-बियाणांच्या दुकानावर दोन खोल्या. खाली औषधांचा उग्र वास आणि वर आम्ही. काम असं, की गावोगावच्या तरुण मुलामुलींना एकत्र बसवायचं, बैठक कशी चालवायची ते शिकवायचं, प्रत्येकाला बोलायला मिळतंय ना ते बघायचं आणि गावाबद्दल त्यांना काय हवंय ते त्यांनाच ठरवू द्यायचं. हे काम करणाऱ्याला आमच्याकडे ‘सुलभक’ म्हणतात.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हा शब्द ऐकला आणि चेहरा गंभीर केला.

“सुलभ? त्ये यश्टी स्टँडवर असतंय, त्ये?”

“आबा, सुलभक. गटातलं बोलणं सोपं करून देणारा माणूस.”

“बोलनं अवघड कावून हाय पन? तोंड उघडायचं आन बोलायचं.”

आबांच्या बाबतीत ते अगदी खरं होतं. ते दोनदा गावचे सरपंच होऊन गेले होते. पद गेलं, पण माईक काही सुटला नाही. बारसं असो, बोअरचं पाणी लागलेलं असो, व्हॉलीबॉलच्या मॅचचा शुभारंभ असो, आबा दोन शब्द बोलायचेच. “मी जास्त वेळ घेनार न्हाई,” असं ते म्हणाले की मागच्या रांगेतली माणसं चपला शोधायला लागायची. घरीही तेच. जेवताना ते एखाद्या विषयावर सुरू झाले की आई भाकरी टोपल्यात झाकून ठेवायची, गार होऊ नये म्हणून.

त्या दिवशी आईनंच माझी बाजू घेतली. “बसून पगार देतेत न्हवं? मंग बसू द्या की तिला.”

पुढं घरी येणाऱ्या-जाणाऱ्यानं विचारलं, की पोरगी काय करते, तर आबा सांगायचे, “गोल बसायची नोकरी हाय तिला. गोल बसतेत, येकमेकाकडं बघतेत आन घरी जातेत.” महिनाभरात सगळ्या गावानं ते उचललं. मी बीडला खोली घेऊन राहत होते; सुट्टीला स्कूटीवरून गावात शिरले की पारावरून कुणीतरी हमखास विचारायचं, “काय बाई, आज कुठं गोल?”

खरं सांगायचं तर मला ते गोल बसणं जमतही नव्हतं. आम्हाला शिकवायला एक ताई होत्या. बारीक अंगाच्या, हळू आवाजाच्या. त्या एखादा प्रश्न विचारायच्या आणि मग खुशाल गप्प बसायच्या. समोरचा बोलेपर्यंत. ती शांतता माझ्याच्यानं सोसवायची नाही. कुणी काही बोलेना की मीच उत्तर देऊन टाकायचे, वर दोन उदाहरणं द्यायचे. एकदा सरावाच्या बैठकीनंतर ताईंनी मला बाजूला घेतलं.

“तू प्रश्न विचारतेस आणि उत्तरही तूच देतेस. मग बाकीच्यांनी काय करायचं? टाळ्या वाजवायच्या?”

मी चपापलेच. ही तर थेट आबांची पद्धत होती. आयुष्यभर ज्या भाषणांना मी कंटाळले, ती माझ्या घशात तयारच होती.

ताईंनी तोडगा सांगितला. जवळ पाण्याची बाटली ठेवायची. बोलावंसं वाटलं की एक घोट घ्यायचा. तोवर दुसरं कुणीतरी बोलतं. तोडगा चांगला होता, फक्त पहिल्या काही दिवसांत मला बैठकीतून सारखं उठून जावं लागायचं. दुसरं साधन म्हणजे लोकरीचा एक लाल चेंडू. ज्याच्या हातात चेंडू असेल त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. बोलून झालं की चेंडू पुढं द्यायचा. नियम एवढाच.

लिंबागणेशच्या बाजूच्या एका गावात मी पहिला गट घेतला. पोरं आली, सतरंजीवर गोल बसली, चेंडू पहिल्याच्या हातात गेला आणि तो ताडकन उभा राहिला. “आदरणीय व्यासपीठ, व्यासपीठावरील मान्यवर...” मी म्हटलं, अरे, इथं व्यासपीठ नाही, आपण सगळे खालीच बसलोय. तो ओशाळून बसला. चेंडू दुसऱ्याकडं गेला. तोही उभा राहिला. “आदरणीय...” म्हणाला आणि माझ्याकडं बघून थांबला. पुढचं काही त्याला येतच नव्हतं. बिचाऱ्याला शाळेपासून बोलायचं म्हणजे तेवढंच शिकवलं होतं. त्या गटाला साधं ‘मला वाटतं’ म्हणायला बरेच आठवडे लागले. मलाही गप्प राहायला तेवढेच लागले.

मग संचालकांनी माझ्याच गावाचा विषय काढला. तिथं गट सुरू करायचा होता. मी म्हटलं, “सर, तिथं नको. तिथं माझी ओळख आहे.”

“मग चांगलंच की.”

“ओळख हीच अडचण आहे, सर. माझे वडील तिथं राहतात.”

संचालकांनी मुळीच आग्रह केला नाही. त्यांनी फक्त तो प्रश्न सगळ्या सहकाऱ्यांपुढं ठेवला, चेंडू फिरवला आणि सगळ्यांनी मिळून शांतपणे ठरवलं की मीच जावं. तक्रार करायलाही जागा ठेवली नाही.

मी येणार हे कळल्यावर आबांनी आदल्या दिवसापासून तयारी केली. मी पोचले तर ग्रामपंचायतीसमोर मांडव. रांगेनं प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर टेबल, टेबलावर चादर, नारळ, शाल. माईकवाला “हॅलो, हॅलो, चेक” करत होता. मुलं खुर्च्यांवर बसली होती आणि मुली मांडवाच्या कडेला उभ्या.

“आबा, हे कशाला?”

“आगं, पोरगी पहिल्यांदा गावात कारेक्रम घेतीय. लोक काय म्हनतील?”

मी माईकवाल्याला चहा पाजून घरी पाठवलं. मुलांनी खुर्च्या उचलल्या, सतरंज्या गोल अंथरल्या, मुलींना बोलावून बसवलं. आबांचे गुडघे दुखतात म्हणून त्यांच्यासाठी एक खुर्ची त्या गोलातच ठेवली. त्यामुळं झालं असं, की सगळे खाली आणि आबा एकटे वर. गोल होता, पण बघणाऱ्याला दरबार वाटला असता. मुळात ही बैठक तरुणांची होती. पण आबांना उठा म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती आणि गावातही कुणात नव्हती.

आबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. “अध्यक्ष कोन?”

“कुणीच नाही, आबा.”

“अध्यक्ष न्हाई? मंग सुरुवात कोन करनार?”

“ज्याला वाटेल तो.”

“मला वाटतंय,” आबा म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातातून चेंडू घेतला.

ते जास्त वेळ घेणार नव्हते. त्यांनी तरुण म्हणजे काय ते सांगितलं. त्यांच्या तरुणपणी ते काय काय करायचे ते सांगितलं. रस्ता त्यांच्या काळात कसा झाला, त्यासाठी ते मुंबईला किती वेळा गेलते, मंत्र्याच्या बंगल्याबाहेर कसे बसलते, सगळं आलं. चेंडू त्यांनी मुठीत इतका घट्ट धरला होता, की त्याची लोकर बाहेर येऊ लागली. मी पाणी पीत होते. माझी अर्धी बाटली संपली, तेव्हा त्यांचा फोन वाजला. साखर कारखान्यावरचा कुणीतरी होता. फोन घ्यायला हात मोकळा हवा म्हणून आबांनी शेजारी बसलेल्या मुलीला म्हटलं, “धर जरा.”

ती किराणा दुकानदाराची मुलगी. त्यांचं दुकान मारुतीच्या देवळासमोर. वडील कपाळाला भस्म लावून गल्ल्यावर बसायचे आणि कुणाला काय हवंय ते न विचारता पुडी बांधायचे. मुलगीही तशीच, मोजकं बोलणारी. तिनं चेंडू धरला. आबांनी फोन संपवला आणि हात पुढं केला.

“आबा, आता चेंडू माज्याकडं हाय,” ती म्हणाली. “आता मी बोलनार.”

आबांचा हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो सावकाश मांडीवर ठेवला.

ती म्हणाली, गावातल्या सहा-सात पोरींना पोलीस भरतीची तयारी करायचीय. पळायचा सराव लागतो. पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर पळतात, पण पोरींना घरचे रस्त्यावर सोडत नाहीत. उसाचे ट्रॅक्टर असतात, टेम्पो असतात, आणि मुद्दाम शेजारून गाडी काढणारेही असतात. शाळेमागचं मैदान मिळालं तर घरचे हो म्हणतील. पण तिथं अडचण आहे.

चेंडू पुढं गेला. पुढच्या मुलीनंही सांगितलं, मैदान चांगलं आहे, पण अडचण आहे. एका मुलानं सांगितलं, आम्हालाही तिथं सोपं पडलं असतं, पण ती अडचण.

आबांना राहवेना. “आरं कसली अडचन? कोनाची हाय? नाव सांगा, आत्ता बघतो मी त्याच्याकडं.”

सगळा गोल सतरंजीवरची नक्षी बघायला लागला. मला अडचण माहीत होती. गावातल्या कुत्र्या-मांजरांनाही माहीत होती. आबांची मुलगी म्हणून ते मीच सांगणं सगळ्यात सोपं होतं. पण मी सांगितलं असतं तर ती बैठक आमच्या घरचं भांडण झाली असती. मी बाटली तोंडाला लावली. आबा माझ्याकडं बघत होते. मी बाटली संपवली आणि रिकामी बाटली तोंडाला तशीच लावून बसले.

शेवटी दुकानदाराची मुलगी चेंडू हातात नसतानाच बोलली. “आबा, तुमचा हडंबा हाय.”

हडंबा म्हणजे मळणी यंत्र. आबांचा हडंबा त्या मैदानाच्या मधोमध बरीच वर्षं उभा होता. चाकं जमिनीत रुतलेली, पत्रा गंजलेला, आत गावातल्या कोंबड्या अंडी घालत. माजी सरपंचाचा हडंबा चालतो तर आमचं काय वाईट, म्हणून एकेकानं आपापल्या मोडक्या ट्रॉल्या, पेरणीयंत्रं, कडब्याच्या गंजी तिथं आणून टाकल्या होत्या.

“हडंबा?” आबांना खरंच आश्चर्य वाटलं. “त्यो कुठं आडवा येतोय?”

“मधोमध हाय, आबा.”

“मंग बाजूनं पळा.”

“बाजूनं ट्रॉल्या हायत.”

कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळा गोल हसला. आबाही हसले. जाहीर सभेत हसं झालं की आपणही हसायचं, हे त्यांना ठाऊक होतं. ते उभे राहिले. “हालवतो. आज न्हाई तर उद्या. शब्द दिला.” आणि स्वतःच पहिली टाळी वाजवली.

हडंबा हलला नाही. आधी टायर पंक्चर होतं. मग ट्रॅक्टर कारखान्यावर होता. मग ड्रायव्हर मेव्हण्याच्या लग्नाला गेलता. मग अमावस्या आली. मी फोनवर विचारलं की आबा म्हणायचे, “तुज्या संस्थेत काय शिकवतेत? घाई करायची न्हाई, सगळ्यांनी मिळून ठरवायचं. मी ठरवतोय.”

गट मात्र दर रविवारी भरत होता. पुढच्या एका बैठकीत विषय निघाला, की आता काय करायचं. एक मुलगा म्हणाला, ट्रॅक्टर लावू आणि ओढून टाकू. दुसरा म्हणाला, तहसीलला अर्ज देऊ. तिसरा म्हणाला, फोटो काढून सगळ्यांनी स्टेटसला ठेवू. प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणायचं, आबा आहेत, बरं दिसत नाही. मग दुकानदाराची मुलगी म्हणाली, “आपली बैठक तितंच घेऊ. हडंब्याला मधी घेऊन. मंग बघू.”

मला ते अगदी पोरकट वाटलं. असल्यानं कुणाचं यंत्र हलतं का? मी तोंड उघडणार होते, पण बाटली हाताशी होती.

पुढच्या रविवारपासून गट हडंब्याभोवती गोल बसू लागला. मैदानाच्या कडेनं रानात जायची वाट होती. माणसं बैल थांबवून बघायची. “काय चाललंय रे?” “मीटिंग हाय.” “कशाची?” “हडंब्याची.” दुकानदाराचं कुटुंब एका रविवारी कपिलधारला दर्शनाला गेलं होतं, तर त्यांची मुलगी नव्हती, तरी बैठक झाली. गावात बोलणं सुरू झालं. आबा पारावर गेले की लोक विचारायचे, “आबा, तुमच्या हडंब्याची मीटिंग अजून चालूच हाय म्हनं? काय ठराव झाला?” आबांनी एक-दोन दिवस हसण्यावारी नेलं. मग ते पारावर जायचे बंद झाले.

एका रविवारी मी हजर असताना ते मैदानात आले. चालण्यावरूनच कळत होतं, की चिडलेत.

“काय लावलंय बे हे? गावात तमाशा मांडलाय का?”

मुलं एकमेकांच्या मागं सरकली. दुकानदाराच्या मुलीनं मात्र बाजूला होऊन सतरंजीवर जागा केली. “बसा की, आबा.”

तिथं खुर्ची नव्हती. आबा थोडा वेळ उभे राहिले. सगळे खाली बसलेत आणि आपण एकटे उभे, हे त्यांनाही विचित्र वाटलं असावं. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत ते खाली बसले. कुणीतरी चेंडू त्यांच्या हातात दिला. मला वाटलं, आता दुपार गेली.

पण ते चेंडू नुसता फिरवत बसले. आणि बोलायला लागले तेव्हा तो आवाज माईकवरचा नव्हता.

“ह्यो आला तवा पंचक्रोशीत दुसरा न्हवता,” ते हडंब्याकडं बघत म्हणाले. “ज्वारीच्या खळ्यावर बैल फिरवून फिरवून मानसं मरून जायची. ह्यो आला आन सगळ्या गावाचं खळं आमच्या दारात. लोक उजाडायच्या आत नंबर लावायचे. हिची माय चहाचं पातेलं उतरवायची न्हाई चुलीवरून. येक म्हातारी रोज याला हळदकुंकू लावायची, देव म्हनून. मी म्हनायचो, आगं, मशीन हाय. ती म्हनायची, असू दे.” ते थांबले. “आता त्ये पंजाबी मशीन येतंय, शेतातच काढून जातंय. याला कोन इचारतंय? मी हालवायला मानूस बोलावला, तर त्यो भंगारवालाच घिऊन आला. त्यानं याच्याकडं बघितलं सुदिक न्हाई. म्हनला, वजन करावं लागंल.”

ड्रायव्हर, टायर, अमावस्या सगळं खोटं होतं तर. मी त्या घरात वाढले आणि हे मला कधी कळलं नव्हतं. कळणार कसं, आबा इतके बोलायचे की त्यांना काही विचारायचं असतं हेच आमच्या डोक्यात कधी आलं नाही.

आबांनी चेंडू आपणहून पुढं दिला. तो फिरत दुकानदाराच्या मुलीकडं आला.

“आबा, हालवायचा. पन इकायचा न्हाई. असं ठरवलं तर?”

आबांनी विचारलं, “मंग ठिवू कुठं?”

ज्याचं उत्तर त्यांच्याकडं तयार नाही असा प्रश्न विचारताना आबांना मी पहिल्यांदा ऐकत होते. मुलांनी लगेच जागा सुचवायला सुरुवात केली. एकजण म्हणाला, ग्रामपंचायतीसमोर चौथरा बांधून त्यावर ठेवू, रंग देऊ, ‘गावातील पहिला हडंबा’ अशी पाटी लावू. ही कल्पना आबांना इतकी आवडली, की ते सावरून बसले. पण एक मुलगी म्हणाली, तिथं म्हाताऱ्या बायका उन्हाला बसतात, त्यांनी कुठं जायचं? आबांनी म्हाताऱ्यांसाठी चौथरा सोडला. शेवटी ठरलं, की हडंबा आबांच्याच घरासमोरच्या अंगणात न्यायचा.

तो हलवला त्या दिवशी सगळं गाव जमलं होतं. ट्रॅक्टरनं दोनदा दोर तोडला. तिसऱ्यांदा हडंबा कुरकुरत हलला, तशी आतून एक कोंबडी ओरडत बाहेर पडली आणि मागं तिची पिल्लं. ती कुणाची यावरून दोन घरांत वाद झाला, पण तो वाद गटाकडं आला नाही. हडंब्यामागोमाग ट्रॉल्याही गेल्या. आबांनी नेल्यावर इतरांना ठेवायला तोंड राहिलं नाही. मुलांनी दगड वेचले, मुलींनी चुन्यानं गोल रेघ मारली.

आणि दुसऱ्या आठवड्यात आईचा फोन आला.

“रविवारी घरी ये. मीटिंग हाय.”

“कुणाची?”

“माजी.”

मी गेले. अंगणात हडंबा स्वयंपाकघराच्या दाराकडं तोंड करून उभा होता. कपडे वाळत घालायची दोरी त्यानं तोडली होती. उन्हात पापड घालायची जागा त्याच्या सावलीत गेली होती. आईनं ओसरीवर सतरंजी अंथरली, आबांना बसायला सांगितलं, मला बसायला सांगितलं आणि स्वतः हातात लाटणं घेऊन बसली.

आबांनी लाटण्याकडं संशयानं बघितलं. “हे कशाला?”

“तुमच्या चेंडूसारखं. माज्या हातात हाय तवर मीच बोलनार.”

मी सवयीनं बैठकीची सुरुवात करायला गेले. “आई, आधी आपण...”

“तू गप बस. तुला त्याचाच पगार हाय.”

मग आई बोलली. हडंब्यापासून सुरुवात झाली, पण हडंबा लवकरच मागं पडला. न सांगता आणलेले पाहुणे आले, त्यांचा चहा आला, झाकून ठेवलेल्या भाकरी आल्या, निवडणुकीच्या काळात रात्रंदिवस पेटलेली चूल आली. “त्या पोरांपुढं तुमी म्हनला, हिची माय पातेलं उतरवायची न्हाई. मला कधी इचारलं का, उतरवू का म्हनून?” ती रागावलेली नव्हती. तिला सगळं आठवत होतं, एवढंच. आबांनी एकदा लाटणं मागितलं. “मिळंल,” आई म्हणाली आणि पुढं बोलत राहिली. ती थांबली तेव्हा तिनं लाटणं आबांकडं दिलं. आबांनी ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाले, “उद्या रानात नेतो.”

आणि खरोखर दुसऱ्याच दिवशी नेला. आता तो विहिरीजवळच्या चिंचेखाली उभा आहे. आबा रानात गेले की त्याच्या सावलीला बसतात.

मैदानात मुली पळू लागल्या. भरती आली तेव्हा त्यातल्या दोघी निवडल्या गेल्या आणि गावात पेढे वाटले गेले. दुकानदाराची मुलगी सगळ्यांत जोरात पळायची, पण मोजणीत तिची उंची थोडीशी कमी भरली. पळायची पाळीच आली नाही. परत आल्यावर ती मैदानात गेली नाही. वडिलांशेजारी दुकानात बसून राहिली. मी भेटायला गेले तर म्हणाली, “ताई, उंचीवर बैठक घिऊन काय उपेग?” आम्ही शेंगा फोडत बसलो.

त्या काळात आबा रोज सकाळी दुकानात जायचे आणि मीठ आणायचे. आई मला फोनवर वैतागून सांगायची, “घरात मिठाचा ढीग झालाय. इचारलं तर म्हनतेत, लागतंय.” दुकानात ते काय बोलायचे कुणास ठाऊक. आई म्हणते, काहीच बोलत नसणार, नाहीतर एवढ्या लवकर घरी आले नसते. एका सकाळी ती पोरगी आपली आपण मैदानात गेली. आता ती दुसऱ्या परीक्षांचा अभ्यास करते आणि लहान मुलींचा सराव घेते. शिट्टी गळ्यात असते. मुलींना चांगलीच दमात घेते. तिच्या हाताखाली ‘मला वाटतं’ म्हणायची सोय नाही. याबद्दल मी तिच्याशी बोलायला हवं, असं मला वाटतं, पण अजून बोलले नाही.

मैदान मोकळं झाल्याचा एक परिणाम आमच्या कुणाच्याच डोक्यात नव्हता. गावातल्या बायका तिथं पहाटे फिरायला येऊ लागल्या. कुणाला शुगर निघाली होती, कुणाला डॉक्टरनं वजन कमी करायला सांगितलं होतं, आणि काही जणींना तासभर घरातून बाहेर पडायला कारण मिळालं होतं. त्यांत माझी आई होती. या बायका चौघी-पाचजणी हातात हात घालून, सगळी वाट अडवून, सुनांबद्दल बोलत चालायच्या. मुलींना पळता येईना. मुली शिट्टी वाजवायच्या, बायका दचकायच्या आणि शिव्या द्यायच्या.

हे सगळं मला आबांकडून फोनवर कळलं. तोपर्यंत त्याच्यावर बैठक होऊनही गेली होती. बायका आणि मुली मैदानात गोल बसल्या होत्या. चुन्याच्या रेघेच्या आत बायकांनी चालायचं, बाहेर मुलींनी पळायचं, आणि शिट्टी कुणाच्या कानाजवळ वाजवायची नाही, असं ठरलं होतं.

“मग मला का नाही बोलावलं?” मी विचारलं. मला जरा लागलंच होतं.

“तुजं काय काम हाय तितं?” आबा म्हणाले. “मी गेलतो. मला येकदाच बोलू दिलं.” आणि त्या एकदाच काय बोलले, ते त्यांनी मला सविस्तर सांगायला घेतलं.

मधेच आईनं त्यांच्या हातातून फोन घेतला.

“आगं, येताना बीडहून माज्यासाठी बूट घिऊन ये. त्या पोरी घालतेत तसले. पांढरे.”

“नंबर काय तुझा?”

“मला काय म्हाईत? थांब, यांना सुतळी घिऊन पाय मोजायला लावलंय.” मग तिचा आवाज फोनपासून लांब गेला. “आवो, टाचंपासून धरा. बोलू नगा, आधी मोजा.”